खांबाच्या वतीने

दार उघड रे कालवा, दारी आले मी हळू
सुरी माझी बोथटलेली, नको मनी कळवळू

आवाज आईचा. पण आताच्या आईचा नव्हे; आताचा आवाज वाळलेल्या शेवेसारखा मध्येच तुटतो. हा तेव्हाचा, खाडीकाठच्या गल्लीतला, ओला आणि खारट. उजाडायच्या आधी गल्लीतल्या बायका ठेंगण्या स्टुलांवर बसायच्या, मध्ये कालवांचा ढीग, आणि सुऱ्यांची टकटक सुरू व्हायची. त्या टकटकीवर आई शब्द ठेवत जायची, जात्यात दाणे टाकावेत तसे. पी-युन पायरीवर अर्धवट झोपेत बसून ऐकायची. शिंपल्याची धार बोट कापायची, मिठाचं पाणी त्या कापात शिरायचं, आई बोट क्षणभर तोंडात धरायची आणि पुढची ओळ म्हणायची. वादळात छपराचे पत्रे उडायला लागले तेव्हा वर चढून पत्र्यांवर दगड ठेवणारी आईच होती. बाबा खाली कंदील धरून 'सांभाळ, सांभाळ' म्हणत उभे होते. आईला कशाची भीती वाटत नाही, हे पी-युनला तेव्हापासून माहीत होतं. आपलं नाव जसं माहीत असतं तसं. त्याचा पुन्हा पडताळा कोण घेतो?

आज सकाळी सिग्नलला स्कूटर थांबली तेव्हा हा आवाज आधी आला की आई आधी दिसली, हे तिला नंतर आठवेना. समोर लाल दिवा, चहूकडे स्कूटरींचा धूर, डोक्यावर गुलमोहराची फांदी. डाव्या हाताला चोवीस तास उघडं राहणारं दुकान, आणि त्याच्या काचेमागे, लोक घाईघाईत कॉफी पितात त्या उंच खुर्चीवर, आई बसलेली. बसलेली म्हणजे झोपलेली. हनुवटी छातीवर टेकलेली, मांडीवर कापडी पिशवी, पिशवीच्या बंदात दोन्ही हात अडकवलेले. समोर कागदी पेला. काचेवर अंड्यांच्या जाहिरातीचा पिवळा चौकोन होता आणि त्याच्या कडेतून आईचं अर्धंच तोंड दिसत होतं. इतक्या सकाळी, घरापासून इतक्या लांब, हे काय? मागच्याने हॉर्न दिला. दिवा हिरवा झाला होता. पी-युनच्या मनगटाने आपणहून ॲक्सिलरेटर पिळला आणि ती पुढे गेली. पुढे वळून परत येता आलं असतं. परत आली नाही. काल दिवसभर चाचणी चालली होती, आज तिला निकाल द्यायचा होता, उद्या समिती बसणार होती. आई झोपली होती, म्हणजे आरामातच होती, असं तिने स्वतःला सांगितलं. म्हातारी माणसं कुठेही डुलक्या घेतात. बाहेर उकाडा आहे, दुकानात गारवा असतो. पुढच्या सिग्नलपर्यंत तिने आईच्या वतीने चार-पाच कारणं तयार करून टाकली होती आणि सगळी पटण्यासारखी होती.

प्रयोगशाळा शहराच्या कडेला, उसाच्या जुन्या शेतांच्या जागी. आत शिरलं की तेलाचा आणि ओल्या सिमेंटचा वास. मधोमध खांब उभा होता. काल संध्याकाळी सोडून गेली तसाच, पोलादी पत्र्याचं चिलखत घातलेला, पायथ्याशी चिलखत किंचित फुगलेलं, फटीतून करड्या पिठासारखा चुरा सांडलेला. बाजूच्या जाड भिंतीला टेकलेले, खांबाला ढकलणारे जॅक आता निवांत होते, लढून आलेल्या बैलांसारखे. हा खांब फू-आन इमारतीच्या तळमजल्यावरच्या खांबांचा जुळा भाऊ. तितकाच उंच, तितकाच बारीक, त्या काळी वापरायचे तसल्याच हलक्या सिमेंटचा मुद्दाम ओतलेला. फू-आन इमारत शहरात होती, खाली दुकानं, वर राहती घरं. नववर्षाच्या तोंडावर झालेल्या भूकंपात पूर्वेकडची एक अख्खी इमारत आडवी झाली त्या पहाटे फू-आन उभी राहिली, पण तिच्या तळमजल्याच्या खांबांना तिरक्या भेगा गेल्या. त्याला आता दुसरं वर्ष लागलं होतं. खांबांशेजारी लोखंडी टेकू लावले होते आणि लोक त्या टेकूंना स्कूटरी साखळीने बांधून वर राहायला जात होते. खांबांना पोलादी चिलखत घातलं तर इमारत पुढचा मोठा भूकंप सोसेल का, एवढाच प्रश्न होता. सोसेल म्हटलं तर लोक राहतील. सोसेल असं म्हणता आलं नाही तर सगळ्यांना बाहेर पडावं लागेल. पाचव्या मजल्यावर आई राहत होती. ही गोष्ट पी-युनने पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगितली होती. "या शहरात कुणाचं ना कुणाचं कुणीतरी कुठेतरी राहतंच," असं तेव्हा प्रयोगशाळेचे संचालक चो म्हणाले होते.

"ताई, पाकिटाची तारीख गेली होती," आ-हुई जॅकच्या पंपामागून म्हणाला. तो पंप सांभाळायचा, केस पांढरे झाले तरी सगळे त्याला लहान भावासारखं आ-हुईच म्हणायचे. त्याच्या हातात खोबऱ्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पाकीट होतं, यंत्राने गुणी बाळासारखं वागावं म्हणून त्याच्या डोक्यावर ठेवतात ते. "मार्चातच संपली बघा. आणि वर कुणीतरी उघडून अर्धं खाल्लंय."

"तूच खाल्लं असशील."

"मी? मी उपाशी मरेन पण यंत्राच्या तोंडचा घास नाही काढणार. संचालकसाहेबांवर संशय आहे माझा. ते दुपारी एकटेच असतात इथं."

"मग चाचणी का नाही बिघडली?"

"तेच म्हणतो मी. एवढी गोड कशी झाली? मला तर ताई, फार गोड झालेली गोष्ट पचत नाही." तो हसला, आणि जुनं पाकीट कचऱ्यात टाकावं की नमस्कार करून टाकावं या विचारात उभा राहिला.

गोड झाली होती खरी. पी-युन वरच्या काचबंद खोलीत जाऊन पडद्यासमोर बसली. गुडघे दुखत होते, डोळ्यांत वाळू होती, आणि समोर संगणकाची नि खांबाची अशा दोन रेषा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या की एकच रेष वाटावी. अख्खी इमारत प्रयोगशाळेत कोण उभी करणार? म्हणून एक खांब खरा आणि वरचे सगळे मजले संगणकात. भूकंपाचा एक-एक हिसका घ्यायचा. संगणकातली इमारत म्हणणार, एवढी हलले. जॅक खऱ्या खांबाला तेवढं ढकलणार. खांब किती जोराने विरोध करतो ते मोजून परत संगणकाला सांगायचं. ते ऐकून संगणक म्हणणार, मग जरा अजून. असं दोघांनी बोलत राहायचं, आणि दोघांच्या बोलण्यात फरक उरला नाही की पुढचा हिसका. अर्ध्या मिनिटाचा भूकंप असा दिवसभर पुरवायचा. दोघांचं खरोखर जुळलं का हे शेवटी कुणीतरी बसून तपासायचं. ते काम तिचं. वर्षानुवर्षं तिचंच. जन्म गेला याच कामात, असं ती हल्ली मनात म्हणायची, आणि त्यात अभिमान किती नि कंटाळा किती हे तिलाच सांगता येत नसे. लग्न झालं, मोडलं, मोडतानाही नवरा म्हणाला होता, "तुझ्याशी भांडताही येत नाही. मी काय बोलणार ते तूच आधी बोलून टाकतेस." तिला तेव्हा ते कौतुक वाटलं होतं.

दुपारी तिने आईला फोन केला. पुष्कळ वेळ घंटी वाजली.

"काय गं, जेवलीस का?" आईचा पहिला प्रश्न.

"जेवले. तू काय करतेस?"

"काय करणार? बसलेय. घरीच."

"सकाळी कुठे गेली होतीस का?"

तिकडे थोडं थांबणं झालं. एका श्वासाएवढं. "सकाळी? नाही बाई. माशाची पेज केली, आलं घातलं, खाल्ली. का गं?"

"काही नाही. उकाडा आहे म्हणून."

"पंखा आहे ना. ठेव आता, तुझं काम असेल."

फोन ठेवल्यावर ती हातातल्या फोनच्या काळ्या काचेत बघत बसली. आई खोटं बोलली. किती सहज बोलली, जसं रोज बोलत असावी. पण यातही काही विशेष नाही, असं तिच्या मनातल्या आईने लगेच सांगितलं. मनातली आई कधीही बोलावली की यायची. ठणठणीत, खणखणीत, बोटाला कापडाची चिंधी बांधलेली. ती म्हणाली, 'अगं, तुला काळजी नको म्हणून सांगितलं नाही, एवढंच.' हे मनातलं बोलणं सोपं होतं. त्याला फोन लागत नव्हता, मध्ये तो श्वास येत नव्हता. भूकंपानंतर तर ती या आईशीच जास्त बोलली होती. त्या पहाटे धावत गेली तेव्हा खरी आई फू-आनच्या समोर रस्त्यावर, वारलेल्या बाबांचा जुना बस-ड्रायव्हरचा कोट पांघरून उभी होती. पी-युनने टॉर्च घेऊन खांबांच्या भेगा पाहिल्या, भेगेत नख घातलं, आणि परत येऊन म्हणाली, "आई, काळजी करू नकोस. मी नीट करते." आईने मान हलवली. आईने तेव्हा काही म्हटलं होतं का? काहीतरी म्हणायला तोंड उघडलं होतं का? आठवत नाही. पी-युननेच पुढे म्हटलं होतं, "बाबांनी कर्ज काढून घेतलेलं घर, तुला सोडवणार नाही, मला माहितेय." त्यावर आईने पुन्हा मान हलवली होती.

एकदा आईला देवळात कौल लावताना पाहिलं होतं, तेही त्याच काळात. लाकडाच्या दोन चंद्रकोरी ओंजळीत धरून, डोळे मिटून, ओठांनी काहीतरी विचारून खाली टाकल्या. दोन्ही सपाट बाजू वर. म्हणजे देव हसला. प्रश्न नीट विचारला नाहीस. आईने त्या उचलल्या, पुन्हा टाकल्या, देव पुन्हा हसला. मग आईने प्रश्न बदललेला दिसला, ओठ वेगळे हलले. या वेळी एक पालथी, एक उताणी. होकार. आईने तो घेतला, उदबत्ती लावली आणि घाम पुसत बाहेर आली. "काय विचारलंस?" पी-युनने गमतीने विचारलं होतं. "देवाची नि माझी गोष्ट," आई म्हणाली. पी-युन हसली होती. बदललेल्या प्रश्नाचा होकार चालतो का, असं तिने चिडवलंही होतं. "देवालाही दमवू नये गं," आई म्हणाली होती, "त्यालाही घरी जायचं असतं."

दोन रेषा समोर होत्याच. फार गोड झालेली गोष्ट. आ-हुईचं वाक्य दातात अडकलेल्या तंतूसारखं राहिलं. ती मागे मागे जात भूकंपाच्या मधल्या भागावर आली, खांबाच्या पायथ्याशी चिलखत फुगलं त्या हिसक्यापाशी. तिथेही फरक शून्याला टेकलेला. जिथे सगळं मोडायला लागलं तिथेही दोघांचं असं एकमत? खऱ्या माणसांचं तरी होतं का? मग तिला ते दिसलं, आणि दिसल्यावर असं वाटलं की हे तर काल सकाळपासून, खरं म्हणजे कित्येक वर्षांपासून दिसत होतं. गणितातली इमारत हवी तितक्या वेळा मागे-पुढे करता येते, पुसून पुन्हा विचारता येते. खऱ्या खांबाचं तसं नाही. त्याला जरा जास्त ढकलून मागे आणलं तर ते मागे येणंही त्याला लागतं. भूकंपाने न केलेली जखम आपणच करून बसतो. म्हणून रीत अशी की जॅक नेहमी थोडा अलीकडेच थांबवायचा. शेवटचं केसभर अंतर खांबाला ढकलायचंच नाही. तेवढ्यापुरतं खांबाचं उत्तर आपणच हिशेबाने लिहायचं, आणि तो हिशेब करायचा खांबाच्या पहिल्या दिवशीच्या ताठपणावरून, जो चाचणीआधी हलक्या हाताने ढकलून मोजून ठेवलेला असतो. सगळ्या जगात असंच करतात. खांब धड असेपर्यंत त्यात काही वावगं नसतं. पण काल दुपारनंतर खांब धड राहिला नव्हता. आतून पिचला होता, मऊ झाला होता. आणि संगणक त्याच्या तरुणपणच्या ताकदीने त्याच्या वतीने उत्तर देत राहिला होता. नाही, मी थकलो नाही. नाही, मी अजून धरतो. संगणकाने विचारलं, संगणकानेच सांगितलं, संगणकाचं संगणकाशी जुळलं. खांबाला शेवटचं कुणी विचारलंच नव्हतं.

तिने खुर्ची मागे सारली. मग पुन्हा पुढे सरकून खांबाचा त्या-त्या वेळचा खरा ताठपणा काढला, मोजलेल्या जोरावरून, एक-एक हिसका घेऊन, आणि सगळी उत्तरं नव्याने मांडली. भूकंपाच्या सुरुवातीला रेषा तशाच एकत्र राहिल्या. मधोमध आल्यावर त्या सुटल्या. आधी दोऱ्याएवढ्या, मग बोटाएवढ्या, मग दोघी आपापल्या वाटेने गेल्या, जशा कधी एका घरात राहिल्याच नव्हत्या. ती बघत राहिली. एवढ्या दमलेल्या अंगालाही त्यात एक सुटका वाटली, खोटं वाटावं इतकी लहान. निदान आता दोन रेषा दोन दिसत होत्या.

संचालक चो हातात चहाचा झाकणवाला मग घेऊन आले. उंच माणूस, हल्ली वाकायला लागलेला. या प्रयोगशाळेसाठी त्यांनी किती दारं ठोठावली हे सगळ्यांना माहीत होतं. दार उघडताच त्यांचा प्रश्न ठरलेला.

"मग पी-युनबाई? जुळलं ना?"

"आकडे जुळलेत, साहेब."

"वा! मग तुमचं तोंड असं का? आमच्या सौभाग्यवती वजनकाट्यावरून उतरल्या की असं तोंड असतं."

"आकडे आकड्यांशी जुळलेत. खांबाशी नाहीत." तिने पडदा त्यांच्याकडे वळवला. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, वाकून बराच वेळ पाहिलं. चहाचं झाकण उघडलं, पुन्हा लावलं. त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांनीच तिला हे काम शिकवलं होतं.

"पद्धत चुकीची नाही," ते शेवटी म्हणाले. "सगळे हीच वापरतात."

"खांब पिचेपर्यंत नाही चुकीची."

"मर्यादेत बसतंय ना पण? ठरलेल्या मर्यादेत फरक बसतो, तेवढं लिहा. खरं तेच लिहायचंय. बाकीचं पुढच्या वर्षी दुसरा खांब ओतू, पुन्हा करू."

"आणि मध्ये भूकंप आला तर?"

"तो काय आपल्याला विचारून येतो?" त्यांचा आवाज चढला आणि लगेच उतरला. ते स्टुलावर बसले. "हे बघा. जुळलं नाही म्हटलं तर समिती उद्याच्या उद्या इमारत रिकामी करायला सांगेल. त्या लोकांनी जायचं कुठे? भाडी काय झालीत? म्हातारी माणसं आहेत तिथं. तुमची आई आहे. तुम्हालाच नको का, की तिचं घर राहावं?"

"आईला ते घर सोडवणार नाही," पी-युन म्हणाली.

वाक्य तोंडातून निघालं आणि तिने ते ऐकलं. किती सफाईने निघालं. आजवर किती जणांना सांगितलं हे? डॉक्टरला, मोडलेल्या लग्नातल्या नवऱ्याला, समितीतल्या त्या चष्मेवाल्या बाईला, स्वतःला. कुणी पुढचं विचारायच्या आत. आणि कुठून आणलं होतं ते? छपरावर दगड ठेवणाऱ्या एका तरुण बाईकडून, जिचं बोट कापलं तर ती गाणं म्हणायची. त्या बाईला जाऊन किती काळ लोटला. पी-युनने दोन्ही हात मांडीखाली दाबले.

"साहेब," ती म्हणाली, "जुळलं नाही असंच लिहिणार मी. तुम्हाला हवं तर दुसऱ्या कुणाकडून तपासून घ्या."

संचालक उठले, काचेतून खाली उभ्या खांबाकडे बघत राहिले. खाली आ-हुई खांबाच्या पायाशी सांडलेला चुरा झाडूने हलकेच गोळा करत होता. "दुसरं कोण तपासणार," ते पाठमोरेच म्हणाले. "मला कधीपासून वाटत होतं, कुणीतरी हे म्हणेल. मी निवृत्त झाल्यावर म्हणेल असं वाटलं होतं." नंतर एक घोटही न घेतलेला चहाचा मग उचलून ते गेले.

संध्याकाळी ती फू-आनला गेली. स्कूटर टेकूला न बांधता रस्त्यापलीकडे लावली. असं तिने कधी केलं नव्हतं. लिफ्ट भूकंपापासून बंदच. जिन्यावर पहिल्या मजल्याला वेंगकाकू कुंड्यांना पाणी घालत होत्या. "आलीस का बाई? जुळलं का तुमचं ते लग्न, खांबाचं नि यंत्राचं?" त्या आपल्याच विनोदावर हसल्या. "माझी सून रोज कटकट करते, चला म्हणते इथून. मी म्हणते, वर युए-ओ आहे ना, इंजिनिअरची आई? ती हलेल तेव्हा मी हलेन!" पी-युनने काहीतरी उत्तर दिलं. पाचव्या मजल्यापर्यंत चढताना तिला प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. दाराआडून टीव्हीचे आवाज, तळणाचा वास, कुणाचं तरी पोर आंघोळीला नाही म्हणत होतं. मी या सगळ्यांना बाहेर काढणार, तिच्या मनात आलं. आणि सर्वांत आधी हिला.

आई गॅसपाशी उभी होती. माशाच्या सारात आलं चिरून टाकत होती. "जेवलीस का?" तिने न वळता विचारलं. पी-युन दारात चपला काढायला वाकली आणि तिथेच थांबली. आईच्या पायात बूट होते. कापडी, नाड्यांचे, नाड्या घट्ट बांधलेल्या. जन्मभर जिने कुणाला उंबऱ्याच्या आत जोडे घालून येऊ दिलं नाही, ती घरात, स्वयंपाकघरात, बूट घालून उभी होती. आणि पलंगावर, उशीच्या जागी, ती कापडी पिशवी होती.

"आई, गॅस बंद कर जरा. बस."

"सार उतू जाईल."

"जाऊ दे."

आईने गॅस बंद केला. बसली. तिने ॲप्रनला हात पुसले, पुन्हा पुसले.

"चाचणी जुळली नाही," पी-युन म्हणाली. "चिलखत घातलं तरी खांब धरतील असं मला म्हणता येत नाही. मी तसं सांगून आले. उद्या नोटीस निघेल. घर सोडावं लागेल आई, सगळ्यांनाच. तू माझ्याकडे चल. मला माहितेय तुला हे घर..."

ती थांबली. जीभ टाळ्याला लावून मुद्दाम थांबली. पुढचं सगळं वाक्य तोंडात तयार होतं, बाबा, बस, कर्ज, सगळं. तिने ते गिळलं.

"नाही," ती म्हणाली, "मला माहीत नाही. तू सांग. मी मध्ये बोलत नाही."

आई तिच्याकडे बघत राहिली. डोळ्यांच्या कडा लाल होत्या, झोपेवाचून झालेल्या. खाली कचऱ्याच्या गाडीची धून वाजायला लागली, जिन्यावर पिशव्या घेऊन उतरणाऱ्यांची धावपळ झाली, कुणीतरी हाक मारली, "युए-ओ, गाडी आली!" आई जागची हलली नाही. धून कोपऱ्यावर वळून लांब गेली. पी-युनला अनेकदा वाटलं की आता आपण काहीतरी म्हणावं. तिने खुर्चीची कड धरून ठेवली.

"सगळे मला विचारायचे," आई म्हणाली. आवाज तुटला, तिने तो पुन्हा उचलला. "त्या पहाटेपासून. युए-ओ, तू राहणार का? मी म्हणायचे, राहणार. माझी पोरगी नीट करतेय. मग ते पण राहायचे. मी गेले असते तर म्हणाले असते, बघा, आईलाच पोरीच्या हातावर भरवसा नाही. तू एवढी दमून यायचीस, एवढं सांगायचीस, खांब असा, यंत्र तसं. मी तोंड उघडलं की तू म्हणायचीस, मला माहितेय. म्हटलं, असेल हिला माहीत. हिला माहीत आहे आणि तरी राहा म्हणतेय, म्हणजे राहायलाच हवं."

"आई..."

"थांब. तू म्हणालीस ना, मध्ये बोलत नाही." आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. तो हात थरथरत होता आणि तिने तो लपवला नाही. "मला इथं भीती वाटते गं. पहिल्या रात्रीपासून वाटते."